आडनाव खाली ठेवून

मला चिडकी म्हणतात. म्हणोत बापडे. बदलापूर गावात माझं फॉल-पिको आणि ब्लाउज शिवायचं दुकान आहे, आणि 'आज देते म्हणाला होतात ना ताई' असं म्हणत गिऱ्हाईक माझ्या दारात कधी उभं राहत नाही. दिलेला शब्द मी पाळते, म्हणून दुसऱ्याने ढिलाई केली की माझं डोकं फिरतं. पण हिरामणभाऊंच्या बाबतीत ते फिरलं ते सगळ्यांवर, आणि त्या सगळ्यांत मीही होते.

आधी आमची वाट सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

बारवीच्या रस्त्याला आत वळलं की कोंडाची वाडी लागते. वाडीच्या मागे आंबेटेपाचा डोंगर. वर जायची जुनी पायवाट एका पावसाळ्यात दरड येऊन गेली, आणि वाडीतल्या बायकांना माळावर गुरं न्यायला, लाकूडफाटा आणायला अख्ख्या डोंगराला वळसा पडायला लागला. अर्ज झाले, माणसं येऊन फोटो काढून गेली, वाट काही झाली नाही. अंबरनाथ पूर्वेचा महेंद्र तेव्हा नुकताच कारखान्यातून रिटायर झालेला. घरी बसून बायकोच्या स्वयंपाकात लुडबुड करण्यापेक्षा बरं, म्हणून सकाळी डोंगराकडे फिरायला जायचा. एके दिवशी तो पहार घेऊनच गेला आणि एकटाच दगड हलवायला लागला. वाडीतली भिकी तिथे शेळ्या चारत होती. ती आधी पोटभर हसली, मग घरी जाऊन घमेलं घेऊन आली.

एवढ्यावरून सगळं सुरू झालं. उल्हासनगरचा राजू आला, मी गेले, वांगणीचे दोघे-तिघे आले, बदलापूर पश्चिमेच्या टॉवरमधली नवरा-बायकोची जोडी आली. दर रविवारी सकाळी वाडीतल्या चिंचेखाली जमायचं, आणि ऊन चटके द्यायला लागेपर्यंत काम करायचं. चढावर दगडाच्या पायऱ्या लावायच्या, पावसाचं पाणी वाटेवरून न वाहता बाजूला निघून जावं म्हणून तिरक्या चरी काढायच्या, दरीच्या बाजूला दगडांचा गडगा रचायचा. मग सगळ्यांनी डबे उघडायचे. आता शहरातली पोरंही पाठीवर पिशव्या घेऊन त्या वाटेने चढतात आणि वर जाऊन फोटो काढतात. काढू देत. वाडीतल्या बायका डोक्यावर मोळी घेऊन त्याच वाटेने सरळ उतरतात, याचा मला जास्त आनंद आहे.

आमच्यात एक नियम आहे, तोही सांगायला हवा, कारण सगळा घोळ त्याच्यातून झाला.

अगदी सुरुवातीला एक गृहस्थ आले होते. हातात पहार घेण्याआधी त्यांनी ओळखी करून घ्यायला सुरुवात केली. "तुम्ही पाटील का? कुठले पाटील? म्हणजे आपल्यातलेच ना?" समोरचा बिचारा अडखळला. हा प्रश्न कशासाठी विचारतात ते आपल्याकडे शाळेतल्या पोरालाही कळतं. महेंद्रने हातातली पहार जमिनीत रोवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "आडनावं इथे चिंचेखाली ठेवायची आणि वर चढायचं. घरी जाताना ज्याची त्याने उचलून न्यावीत."

तेव्हापासून डोंगरावर आडनाव नाही. हुद्दा नाही, साहेब नाही, मॅडम नाही, कुठल्या सोसायटीत राहता हा प्रश्न नाही. ते गृहस्थ पुन्हा आले नाहीत. पीडा टळली. मला त्या नियमाचा फार अभिमान होता. दुकानात येणाऱ्या बायकांनाही मी तो कौतुकाने सांगायची.

हिरामणभाऊंना त्या वाटेवर मीच नेलं. ते शिलाई मशीन दुरुस्त करायचे. राहायला उल्हासनगर कॅम्प पाचला, साठी ओलांडलेली, डोक्याला टोपी, पांढरी मिशी. जीन्सच्या कारखान्यांतून फिरून फिरून बोलण्यात निम्मी हिंदी आणि मधूनच सिंध्यांचं 'साईं' यायचं. माझ्या मशीनचा पट्टा बदलताना दाराआडची पहार बघून म्हणाले, "ताई, शिवणकामाला ये क्या लागतं?" मी सांगितलं. पुढच्या रविवारी चिंचेखाली हजर.

त्यांच्या हाताला दगड वश नव्हता, हे खरं सांगते. त्यांनी लावलेली पायरी हलायची म्हणजे हलायचीच. पण माणूस असा, की त्यांच्याभोवती काम हलकं व्हायचं. जवळ्याची चटणी आणायचे, ती सगळ्यांना पुरवायचे, भिकीला सिनेमातल्या नट्यांची नक्कल करून दाखवायचे. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी लग्न होऊन जालन्याला. एकदा घाम पुसता पुसता मला म्हणाले, "सोमवार ते शनिवार मी मशीनवाला चाचा. हिरामण म्हणून हाक मारणारं कोण नाही. रविवार आला की मी हिरामण." मी हसले आणि घमेलं पुढे सरकवलं. तेव्हा ते एवढं मनावर घेतलं नाही.

गेल्या पावसाळ्यानंतर वाडीतल्या एका बाईचा पाय त्यांच्या पायरीवरून सरकला. मोळीसकट खाली आली, घोटा सुजला. महेंद्र संतापला, आणि त्याचा संताप चूक नव्हता. पण त्याने तो काढला सगळ्यांसमोर. "हिरामण, तू यापुढे दगडाला हात लावायचा नाही. पाणी आणायचं, बस." हिरामणभाऊंनी पहार गडग्याला टेकवली, हात धुतले आणि खाली निघून गेले. पुढच्या रविवारी आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. आम्ही सगळे म्हणायचो, कुणीतरी फोन करायला हवा. दिवाळीचे ब्लाउज डोक्यावर होते, म्हणून मीही म्हणायचीच.

मग एका गुरुवारी दुपारी आमच्या वाटेच्या ग्रुपवर राजूने फोनवरून एक फोटो टाकला. कॅम्प पाचच्या नाक्यावर लावलेला बॅनर. वर 'भावपूर्ण श्रद्धांजली', खाली टोपी घातलेला, पांढऱ्या मिशीचा म्हातारा, त्याच्याखाली मोठ्या अक्षरांत 'हिरामण', आणि पुढचं नाव नारळपाणीवाल्याच्या छत्रीआड गेलेलं. स्कूटरवरून जाता जाता काढलेला, हललेला फोटो. राजूने लिहिलं होतं, 'भाई लोग, बहुत बुरी खबर. आपले हिरामणचाचा गेले.'

टोपी आणि पांढरी मिशी तर त्या वयाच्या निम्म्या पुरुषांना असते, पण हे शहाणपण नंतरचं. ग्रुपवर धडाधड हात जोडले गेले. ओम शांती, ईश्वर मृतात्म्यास, रडणारे चेहरे. संध्याकाळी महेंद्रने लिहिलं, 'असा सच्चा माणूस मी कारखान्यात तीस वर्षं काढून बघितला नाही. आपली वाट त्याच्या हसण्यावर उभी आहे. मी त्याला बोललो ते मला कायम खुपेल.' ते वाचून मी मशीन थांबवलं आणि रडले. मग हिरामणभाऊंच्या नंबरवर फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. घरात माणसांची गर्दी असेल, कोण उचलणार, असं मीच माझं समाधान केलं.

रविवारी आम्ही चिंचेखाली डोळे मिटून दोन मिनिटं उभे राहिलो. महेंद्रने वाटेच्या वळणावर एक रुंद, सपाट दगड आणून बसवला होता, पाणी-सूत लावून, जराही न हलणारा. त्यावर हिरामणभाऊंचं नाव घालायचं ठरलं. राजूने ऑइल पेंट आणला होता. तो दगडासमोर उकिडवा बसला, 'कै. हिरामण' एवढं लिहिलं आणि ब्रश वर धरून म्हणाला, "पुढे काय? पूर्ण नाव बोला."

सगळे एकमेकांकडे बघायला लागले.

"आपल्यात आडनाव नसतं," महेंद्र म्हणाला. "तेवढंच राहू दे."

"अरे, पण स्मरणार्थ म्हटलं की पूर्ण नाव लागतं ना," टॉवरवाली जोडी म्हणाली. "शंभर हिरामण असतील."

मी माझा फोन काढून बघितला. त्यात 'हिरामण मशीनवाले' असं होतं. किती वर्षं तो माणूस माझ्या मशीनला तेल घालत होता, आणि मला एवढंच माहीत होतं.

त्यावर दोन्ही बाजूंनी चर्चा सुरू झाली. आडनाव लिहिलं तर नियम मोडतो, नाही लिहिलं तर माणूस कळत नाही. भिकी घमेलं कमरेवर घेऊन ऐकत होती. तिच्याकडे साधा फोन, ग्रुपवर ती नाही. तिला बातमी त्या सकाळी कळलेली. ती म्हणाली, "तेचा घर कुठं हाय? मातीला कोन गेलता?"

राजूने माझ्याकडे बघितलं. "मला वाटलं, ताई गेल्या असतील. त्यांची जुनी ओळख."

"मी? अरे, उल्हासनगरला तू राहतोस! मला वाटलं तू गेलास."

"मला घर कुठे माहितीये? कॅम्प पाच म्हणजे काय एक गल्ली आहे?"

बाकीच्यांना वाटलं होतं की महेंद्र गेला असेल. महेंद्रला वाटलं होतं, आपण भांडलोय, आपण कुठल्या तोंडाने जायचं, पण बाकीचे गेलेच असतील. हात सगळ्यांनी जोडले होते, पाय कुणी उचलला नव्हता.

तिथे माझं डोकं फिरलं. राजूच्या हातातला ब्रश मी काढून घेतला. "मेल्या म्हशीला मणभर दूध!" मी ओरडले. "जिवंत होता तेव्हा फोन करायला कुणाला सवड नव्हती, मला पण नव्हती, आणि आता दगड रंगवताय? माणसाच्या दारात जाऊन उभं राहायचं सोडून? आधी घर शोधा, मग काय ते लिहा."

महेंद्र खाली मान घालून उभा राहिला. त्याला येववेना. भिकी म्हणाली, "चल ताई, मी येतंय." घरी जाऊन तिने फडक्यात तांदळाच्या भाकऱ्या आणि डब्यात पिठलं बांधून घेतलं. मयताच्या घरी चूल पेटत नाही, शेजाऱ्यापाजाऱ्यांनी, सोयऱ्यांनी न्यायचं असतं. शहरात आम्ही हे विसरत चाललोय, भिकी विसरली नव्हती.

कॅम्प पाचच्या नाक्यावर बॅनर अजून होता. नारळपाणीवाल्याने बोट दाखवलं, आम्ही गल्लीत शिरलो. दाराबाहेर चपला होत्या. कोपऱ्यात तोंडावर पदर घेतलेली बाई दिसली, जालन्याची मुलगीच असं मी धरलं आणि मला दारातच हुंदका आला. तिने उठून मला मिठी मारली, आम्ही दोघी रडलो, आणि तिच्या खांद्यावरून मला समोरचा हार घातलेला फोटो दिसला. अगदी समोरून, नीट. तो आमचा हिरामण नव्हता.

त्या बाईला सांगू तरी काय? की बाई, तुझा नवरा गेलाय हे कळून मला आनंद झालाय? मी भिकीकडे बघितलं. तिलाही कळलं होतं. तिने पुढे होऊन फडकं सोडलं, भाकऱ्या आणि पिठलं त्या घरच्या सुनेच्या हातात दिलं. बाईच्या पाठीवरून हात फिरवला, आम्ही थोडा वेळ बसलो आणि निघालो. बाहेर आल्यावर मी म्हटलं, "भिकी, अगं, भाकऱ्या तिथेच दिल्यास."

"मंग? मयत त मयत. तेंच्या घरात पन चूल नाय पेटली."

आता आम्ही 'मशीनवाला हिरामण' विचारत फिरलो. एका जीन्सच्या कारखान्यात, कापडाच्या ढिगाआडून एका माणसाने मान वर केली. "मशीनवाला चाचा? पीछे की बिल्डिंग, ऊपर, गॅलरी में आखिरी खोली."

"बरे आहेत ना ते?" मी विचारलं.

"ठीक ही है. चार दिन पहले मेरे से कुर्सियाँ लेके गया, बोला मेहमान आने वाले हैं. अभी तक वापस नहीं किया."

जिना मी कसा चढले ते मला आठवत नाही. गॅलरीतलं शेवटचं दार सताड उघडं होतं. आत इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून हिरामणभाऊ चटईवर बसले होते. भिंतीला लागून लाल प्लॅस्टिकच्या खुर्च्या ओळीने मांडलेल्या, सगळ्या रिकाम्या. पाण्याचा तांब्या भरून ठेवलेला, त्यावर फुलपात्रं.

"या," ते म्हणाले. "बसा."

भिकीने सरळ जाऊन त्यांचा दंड दाबून बघितला. "जित्ता हाय की ह्यो!" आणि ती हसत सुटली. मला हसू येईना. मी त्यांना दारातूनच झापायला सुरुवात केली. फोन का उचलला नाही, ग्रुपवर आहात तर एक ओळ टाकता येत नव्हती का, आम्ही तिथे दोन मिनिटं उभे राहिलो, दगडावर तुमचं नाव घातलं, ही काय थट्टा आहे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"थट्टा नव्हती ताई," ते म्हणाले. "राजूचा फोटो बघितला तेव्हा हसायलाच आलं. लिहायला पण घेतलं, की अरे साईं, मी जिंदा आहे. तेवढ्यात तुमची सगळ्यांची यायला लागली. एवढं चांगलं माझ्याबद्दल कोण कधी बोललं नाही. मग महेंद्रचं आलं. ते मी परत परत वाचलं. म्हटलं, आता हे लोक येतील. खाली कारखान्यातून खुर्च्या आणल्या. झाडून घेतलं. म्हटलं, आले की दारात उभा राहीन, सगळे घाबरतील, मग हसतील, मग चहा टाकू." ते खुर्च्यांकडे बघत होते. "गुरुवार गेला. शुक्रवारी दार उघडंच ठेवलं, कामाला गेलो नाही. शनिवारी पण."

"मी फोन केला होता," मी म्हणाले. एवढंच माझ्याकडे होतं.

"बघितला. उचलला असता तर फोनवरच सगळं संपलं असतं. मला कोणीतरी यायला हवं होतं."

भिकीचं हसणं केव्हाच थांबलं होतं. मी एका खुर्चीवर बसले. खाली मशिनी घरघरत होत्या.

"आम्हाला घर माहीत नव्हतं, भाऊ. आडनावही माहीत नव्हतं, शोधायचं कुणाला विचारून? तो नियमच मोडून टाकते मी. सगळ्यांची नावं-पत्ते घेते."

"नियमाला हात लावू नका." ते पहिल्यांदाच जोरात बोलले. "तुम्हाला नाही कळणार. खोली भाड्याने घ्यायला गेलो, नोकरीला गेलो, पोरीचं स्थळ बघायला गेलो, पहिलं आडनाव. ते सांगितलं की माणूस पुढे काही विचारतच नाही, त्याला पाहिजे ते कळलेलं असतं. तुमच्या डोंगरावर कोणी विचारलं नाही. माझ्या डब्यात हात घालून खाल्लंत सगळ्यांनी. त्या एका गोष्टीसाठी मी येत होतो, दगडासाठी नाही. माझे दगड हलतात, हे काय मला कळत नाही?"

मला खरंच कळलं नव्हतं. ज्या नियमाची मी दुकानात बढाई मारायची, तो एका माणसाला केवढा वाटत असेल याचा विचार मी केला नव्हता.

"मग चला ना पुढच्या रविवारी," मी म्हणाले. "महेंद्र तोंड लपवत फिरतोय."

"नाही येणार ताई. तो बोलला ते मी विसरलो असतो. पण आडनाव नको म्हणता म्हणता तुम्ही घरच नको केलंत. मी मेलो तरी माझा जिना कोण चढत नाही, तर तिथे परत कशाला जायचं? पायऱ्या लावायला दुसरे मिळतील तुम्हाला."

त्यांनी चहा केला. आम्ही प्यायलो. खोट्या मरणाच्या बातमीने आयुष्य वाढतं असं भिकी म्हणाली, त्यावर ते नुसते हसले. निघताना मी काहीच कबूल करून घेऊ शकले नाही. रिक्षात भिकी म्हणाली, "नाय यायचा ह्यो. आपल्यालाच यावा लागंल."

आम्ही निघाल्यावर हिरामणभाऊ ग्रुपमधून बाहेर पडलेले दिसले. रात्रीचं जेवण टाकून मी उरलेल्यांसाठी तिथे लिहिलं. 'हिरामणभाऊ जिवंत आहेत. धडधाकट आहेत. चार दिवस दार उघडं ठेवून आपली वाट बघत होते. पुढच्या रविवारी डोंगर बंद. सगळ्यांनी त्यांच्या घरी यायचं.' खाली नाक्यापासून गॅलरीच्या टोकापर्यंतचा रस्ता लिहिला. आडनाव लिहिलं नाही. मला ते अजून माहीत नाही.

मग गंमत बघा. एकेकाने आपापली श्रद्धांजली पुसायला घेतली. हात जोडलेले गेले, ओम शांती गेली, रडणारे चेहरे गेले. 'हा मेसेज डिलीट केला आहे' अशा ओळीच्या ओळी. राजूने माफी मागणारे पाच-सहा मेसेज टाकले. 'येतो' असं मात्र फार थोड्यांनी लिहिलं. लाज वाटली की माणूस दडून बसतो. महेंद्रने काहीच लिहिलं नाही. त्याचं आधीचं तेवढं तसंच राहिलं होतं.

तो आठवडा माझा वाईट गेला. लोक आले नाहीत तर? एकदा रिकाम्या राहिलेल्या खुर्च्या पुन्हा रिकाम्या राहिल्या, तर त्या माणसाने काय करायचं? मी दोन ब्लाउजांच्या बाह्या उलट्या लावल्या. असं माझ्याकडून वर्षानुवर्षांत झालेलं नाही.

रविवारी मी लवकर पोहोचले. येणार असल्याचं मी त्यांना कळवलं नव्हतं. आशा लावून ती मोडायची माझी हिंमत नव्हती. हिरामणभाऊ बनियनवर मशीन खोलून बसले होते. खुर्च्या परत गेल्या होत्या. मला एकटीला बघून म्हणाले, "मशीन बिघडलं का ताई?" मी म्हटलं, "हो, जरा आवाज करतंय," आणि चटईवर बसून राहिले. ते मशीनविषयी विचारत होते, मी काहीबाही उत्तरं देत होते, कान सगळे जिन्याकडे. बराच वेळ गेला. नळाला पाणी आलं, गेलं.

मग खालून भिकीचा आवाज आला. ती एकटी नव्हती. वाडीतल्या बायका होत्या, ती घोटा मुरगळलेली लंगडत जिना चढत होती. त्यांच्यामागे टॉवरवाली जोडी, वांगणीचे, मग पेढ्यांचा पुडा घेऊन राजू. "चाचा, मारा मुझे," म्हणत तो पायाच पडला. खोली भरली, मग दार भरलं, मग गॅलरी. हिरामणभाऊ हातात पाना घेऊन तसेच उभे होते. शर्ट घालायचंही त्यांना सुचत नव्हतं, मी खुंटीवरचा काढून दिला.

महेंद्र सगळ्यात शेवटी आला. घामाघूम झालेला. गर्दीने त्याला वाट दिली. तो समोर येऊन उभा राहिला, रुमालाने तोंड पुसलं. शेवटी म्हणाला, "मी लिहिलेलं पुसलं नाही. ते मेलेल्या माणसासाठी नव्हतं."

हिरामणभाऊंनी पाना खाली ठेवला. "माझी पहार कुठे आहे?"

"माझ्याकडे आहे. तेल लावून ठेवलीय."

"दगड हलले तर?"

"हलले तर परत लावू. दोघं मिळून लावू."

एवढ्यात शेजारची बाई बाजारातून आली. गॅलरीत पाय ठेवायला जागा नाही, बायका-माणसं दाटीवाटीने उभी, काहींचे डोळे पुसून लाल झालेले. तिच्या हातातली पिशवी खाली आली. गर्दीतून वाट काढत ती दारापर्यंत पोहोचली आणि घाबरून म्हणाली, "चाचा, क्या हुआ? कौन गुजर गया?"

हिरामणभाऊंनी गॅलरीभर नजर फिरवली. त्यांनी टोपी काढली, तिनेच डोळे पुसले आणि पुन्हा घातली.

"कोई नहीं गुजरा, भाभी," ते म्हणाले. "मेरे यहाँ आए हैं. ये सब मेरे यहाँ आए हैं."